थोरला वाडा परिवार: ट्रंक कुणी हलवली?

शोभाआत्या नाशिक: माळ्यावरची आप्पांची पत्र्याची ट्रंक कुठे गेली? काल व्हिडिओ कॉलवर माळा मोकळा दिसला. कुणाला विचारून हलवली?

विलासकाका गाव: माझ्या खोलीत आहे अक्का. वाळवी लागली होती. वाड्याची कौलं दरसाल मी एकटा चाळतो, तेव्हा कुणी विचारत नाही.

शोभाआत्या नाशिक: शब्द वाढवू नकोस विलास. कागद शाबूत आहेत का तेवढं सांग.

केदार पुणे: काका, कृपा करून काही टाकू नका. रोहनच्या जात पडताळणीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतोय, ओबीसीला तीच तारीख धरतात. आप्पांचा शाळेचा दाखला आहे का त्यात?

विलासकाका गाव: दाखला दिसला नाही. मोडीतले कागद आहेत. मला वाचता येत नाहीत.

संजय भावोजी: गुप्तधनाचा नकाशा निघाला तर जावयाला विसरू नका 😄

नानाकाका मिरज: आधी माईला विचारा. त्र्याण्णव वर्षांची आहे ती. कागद नंतरही बघता येतील.

केदार पुणे: नानाकाका, माईचं तोंडी सांगणं समितीपुढे चालत नाही. सातबारा काढला, त्यावर आप्पांच्या मागे काहीच नाही.

पिंकी: केदारदादा, आत्ताच्या सातबाऱ्यावर थांबू नकोस. त्यावर फेरफार क्रमांक असतात, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदींचे. ते घेऊन तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकला माग. वारसाचा फेरफार मिळाला तर कोण कधी वारलं आणि मागे कोण होतं, दोन्ही कळतं. कोतवाल बुक पण माग, गाव नमुना 14, जन्ममृत्यूची नोंद त्यात असते. फक्त आडनाव शोधत बसू नकोस. जुन्या नोंदीत बरेचदा नुसतं ‘रामा बिन सखाराम’ असतं, आणि आपल्याकडे नातवाला आजोबाचं नाव, त्यामुळे एकाच गावात तीन रामा निघतात. बापाचं नाव आणि जमीन जुळल्याशिवाय आपला म्हणू नकोस.

विलासकाका गाव: सातबारा, फेरफार, वारस. आता कळलं कशासाठी चाललंय. विहिरीजवळच्या तुकड्याचं सगळ्यांसमोर बोलून झालेलं आहे.

शोभाआत्या नाशिक: जमिनीचं नाव कुणी काढलं?

केदार पुणे: काका, रोहनची शपथ, ॲडमिशनसाठीच हवंय.

नानाकाका मिरज: आधी माईला विचारा.

प्रसाद न्यू जर्सी: सगळ्यांना डीएनए किट पाठवू का? थुंकी द्यायची फक्त.

अनिता वहिनी: त्यातून आजेसासूबाईंच्या सासूचं नाव कळेल का?

प्रसाद न्यू जर्सी: नाव नाही कळत वहिनी. दूरचे नातेवाईक जुळतात, तेही त्यांनी चाचणी केली असेल तर.

अनिता वहिनी: मग राहू द्या. केदारभावजी, तुम्ही टाकलेल्या वंशावळीत एकही बाई नाही. या घराण्यात नुसते पुरुषच जन्मले?

केदार पुणे: वहिनी, शपथपत्रात वडिलांकडचीच वंशावळ लागते.

अनिता वहिनी: शपथपत्रात काय लागायचं ते लागू दे. घरच्या वहीत मी सुना आणि लेकी लिहिणार.

पिंकी: +1. जुन्या कागदात ‘सखू कोम रामा’ म्हणून नवऱ्याच्या नावाने बाई सापडते, माहेर सापडत नाही. ते माईलाच ठाऊक.

नानाकाका मिरज: सकाळपासून मी वेगळं काय सांगतोय?

केदार पुणे: सांगलीच्या कार्यालयात 1949 च्या आधीचं विचारलं तर साताऱ्याला बघा म्हणाले.

नानाकाका मिरज: बरोबर आहे. आपलं तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. 1949 ला दक्षिण सातारा झाला, सांगली हे नाव 1960 चं. आप्पांच्या जन्मनोंदीवर सांगली शोधशील तर जन्मभर सापडणार नाही. पण आधी माईला विचार, कुठल्या गावी जन्मले ते. पहिलं बाळंतपण माहेरी असायचं.

विलासकाका गाव: आणि हेळवी? दर दोनतीन वर्षांनी बैल घेऊन दारात येतो, पिढ्या वाचतो. पायलीभर ज्वारी मी घालतो. शहरात गेलेल्यांची पोरं त्याच्या वहीत नाहीत, कारण सांगायला कुणी हजर नसतं.

शोभाआत्या नाशिक: टोमणा पोचला. आता माझं ऐका. पंचवटीत आपल्या उपाध्यायांकडे जाऊन आले. गाव आणि आडनाव सांगितल्यावर त्यांनी यात्रेकरूंच्या नोंदींचं बाड काढलं. शके 1840, कार्तिक. 78 मिळवले की 1918, म्हणजे मानमोडीच्या (इन्फ्लुएन्झाच्या) साथीचं साल. आपले आजोबा थोरल्या भावाच्या आणि भावजयीच्या अस्थी घेऊन आले होते. भावाचं नाव धोंडी. आजोबांना थोरला भाऊ होता हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

विलासकाका गाव: धोंडी?

विलासकाका गाव: मागच्या पडक्या जागेला माई ‘धोंडीचा गोठा’ म्हणते. मला वाटायचं कुणी गडी असेल.

अनिता वहिनी: भावजयीचं नाव काय लिहिलंय आत्या?

शोभाआत्या नाशिक: त्या जागी शाई उडाली आहे. फोटो टाकते.

पिंकी: विलासकाका, ट्रंकेतले कागद उन्हात घालू नका, सेलोटेप लावू नका. दोन्ही बाजूंचे फोटो काढू. मोडी वाचणारे मिळतात, पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं.

संजय भावोजी: रविवारी पिठलं-भाकरी असेल तर मी गाडी काढतो.

विलासकाका गाव: या. माई दुपारी झोपते, दहाच्या आत पोचा. एकावेळी एकानेच विचारायचं. फेरफाराचे कागद त्या दिवशी पिशवीबाहेर काढायचे नाहीत.

अनिता वहिनी: पहिला प्रश्न माझा, धोंडीच्या बायकोचा.