डिस्कव्हरी ३ (२००९), एअर सस्पेन्शन: नुसते शॉकअप बदलू की फुग्यासकट अख्खे स्ट्रट?

केळीवाला_रावेर

राम राम मंडळी.

गाडी लँड रोव्हरची डिस्कव्हरी ३, २.७ डिझेल, २००९ ची. हिला स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे; फुगा आणि आतला शॉकअप मिळून एक स्ट्रट. मुंबईची, एमएच-०२ पासिंग, मीटरवर १,४८,०००. मी चौथा मालक. पंधरा वर्षं झाली तेव्हा आरटीओत उभी करून, ग्रीन टॅक्स भरून आरसी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. त्यामुळे आता ती विकायची नाही, असं घरात जाहीर करून बसलोय. तुम्ही पण "विकून टाका" म्हणू नका. ते रोज जेवताना ऐकतो.

दुखणं असं आहे. सावद्याहून फैजपूरकडे ऐंशीच्या वर गेलं की गाडी तापीतल्या नावेसारखी डुलते. एका खड्ड्यात गेली की नाक तीनदा खाली-वर होतं, मग शांत. सातपुड्यातल्या पालच्या वळणांवर तर मागे बसलेला पुतण्या पिशवी मागतो. पुढच्या डाव्या टायरवर परवा हात फिरवला. एकीकडून फिरवला तर गुळगुळीत, उलट फिरवला तर किसणीवर फिरवल्यासारखा. टायरभर वीतभर अंतराने खळगे पडलेत. अलाइनमेंट दोनदा करून झालं. अलाइनमेंटवाला म्हणाला, "दादा, आकडे बरोबर आहेत, तुमचे शॉकअप मेलेत."

पण हवा कुठे जात नाही. रात्री खळ्यात लावली तशी सकाळी उभी असते. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी टेप लावून पाहिला, रात्रीचे आणि सकाळचे आकडे तेच. स्क्रीनवर सस्पेन्शन फॉल्ट येत नाही. ऑफ-रोडला (उंच पातळी) चढते, ॲक्सेसला (चढ-उतारासाठीची खालची पातळी) बसते, सगळं वेळेत.

म्हणून प्रश्न पडला की फुगे चांगले असतील तर ते कशाला फेकायचे? फक्त आतला शॉकअप मिळतो म्हणे. एक जण तर म्हणतो, "काढून द्या, मी तेल भरून सील बदलून देतो, चार पैशात काम." दुसरा म्हणतो फुगे-बिगे काढा, कॉइल स्प्रिंग टाका, आयुष्यभराची कटकट मिटेल. अख्खे चार स्ट्रट घ्यायचे तर त्या भावात माझी अर्ध्या एकराची ठिबक होते.

कॉइलचं मन होत नाही, त्याचं कारण आई. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. गाडी ॲक्सेसला घेतली की पाच सेंटीमीटर खाली बसते, आणि तेवढ्यात ती कुणाचा हात न धरता चढते. बोलेरोत तिला दोघं लागतात.

---

शिरपूरना_पाव्हना

ईकी टाक ना भो ती गाडी, बोलेरो लई ये!

(तुम्ही नको म्हणालात म्हणूनच.)

गंमत सोडा. शॉकअपचे पैसे मोजायच्या आधी लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) बुश, म्हणजे रबरी जोड, बघा. माझ्याकडे ही गाडी नाही, पण अडीच टनाच्या कुठल्याही गाडीत बुश फाटला की टायर असाच खातो. पहारीने आर्म हलवून बघा, रबर किती खेळतं ते डोळ्याला दिसतं.

---

फुगेवाला_भुसावळ

दादा, मी ट्रॅव्हल्सच्या बसचं काम करतो. जळगाव-पुणे, जळगाव-मुंबई रात्री धावणाऱ्या गाड्या. बसमध्ये फुगा वेगळा, शॉकअप वेगळा. शॉकअप गेला तर दोन बोल्ट काढले, नवा टाकला, चहा प्यायला मोकळा. तुमच्या गाडीत तसं नाही. शॉकअप मधोमध आणि फुगा त्याच्याभोवती, दोन्ही मिळून एक नग. म्हणून तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर फुग्याच्या वयात आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गाडीचं वजन फुगा उचलतो. शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त उसळी जिरवतो. म्हणून गाडी रात्रभर ताठ उभी राहिली याचा अर्थ शॉकअप चांगला असा होत नाही. आणि तुमच्या गाडीत शॉकअपचा वरचा भाग फुग्याच्या आत झाकलेला असतो, त्यामुळे तेल गळतंय का हे साध्या गाडीसारखं बाहेरून दिसत नाही. टायरवरचे खळगे हीच तुमची खूण.

तुमची टेपची परीक्षा मात्र अर्धीच झाली. ही गाडी बंद असताना पण अधूनमधून जागी होते आणि जो कोपरा खाली गेला असेल त्याच्या पातळीला बाकीचे आणते. म्हणजे एक फुगा हळू गळत असला तरी चारही सारखेच दिसतात. सस्पेन्शनचा फ्यूज काढून दोन रात्री उभी ठेवा, मग टेप लावा. आणि साबणाचं पाणी घेऊन फुग्याच्या खालच्या घडीत मारा. गळती तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे फुगा कशाने मरतो सांगू? काळ्या मातीने. पावसाळ्यात बागेतून गाडी काढली की चिखल घडीत जाऊन बसतो. एप्रिलमध्ये तो वाळून खापरीसारखा होतो. मग फुगा प्रत्येक खड्ड्याला त्या खापरीवर घासतो. धुताना गाडी ऑफ-रोड उंचीला घ्या, घडी उघडते, साध्या पाइपने आतून धुवा. प्रेशरगन जवळ नेऊ नका.

तेल भरून देणाऱ्याकडे जाऊ नका. त्या शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखालचा गॅस असतो, तेलाला फेस येऊ नये म्हणून. हा माणूस सील काढणार, बाजारातलं तेल ओतणार, गॅस भरायची सोय त्याच्याकडे नसणार. पहिले आठ दिवस गाडी छान वाटेल. मग मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत खडीच्या रस्त्यावर अर्धा तास पळवा. आत फेस होईल आणि शॉकअप असून नसल्यासारखा.

---

धुळे_एमएच१८

माझीही डिस्को ३, २००८ ची. गेल्या वर्षी यातून गेलोय.

नुसते शॉकअप मिळतात, हे खरं. मी मागच्या दोनला तसंच केलं होतं. जुना फुगा शॉकअपवरून उतरवताना फाटला नाही, याचाच आनंद झाला. नवीन शॉकअपवर बसवला, हवा धरली. चार महिन्यांनी डावा फुगा घडीत फुटला आणि सगळं काम परत. मजुरी दोनदा, अलाइनमेंट दोनदा. पंधरा वर्षांचं रबर तुम्ही एकदा हलवलंत की ते आपल्या जुन्या घडीवर परत बसत नाही. त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: फुगे मूळचेच असतील तर अख्खा स्ट्रट. मागच्या मालकाने दोन-तीन वर्षांत फुगे बदलले असतील आणि बिल असेल, तरच नुसता शॉकअप.

कंपनीच्या डब्यातला घेतला नाही तरी चालेल. बिलस्टीन, अर्नॉट ही नावं बघा. अर्नॉटवाले या गाडीचे अख्खे स्ट्रट विकतात. पण "याच मापाचा कॉइलवाला शॉकअप बसतो" म्हणणारा भेटला तर हात जोडा. एअर स्प्रिंग जितकी दाबाल तितकी कडक होत जाते, शॉकअपची आतली झडप त्या हिशोबाने केलेली असते. आणि लांबी दोन बोटं जास्त झाली तर ऑफ-रोड उंचीला चाक लटकल्यावर फुगा ताणला जाऊन सुटतो.

डबा उघडल्यावर फुग्यावरची तारीख वाचा. मला एका विक्रेत्याने "नवीन" म्हणून दिलेला फुगा सात वर्षं गोदामात पडलेला होता. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं.

आणि तुमची गाडी मुंबईची आहे. लोअर आर्मचे बोल्ट! समुद्राच्या हवेने ते बुशच्या आतल्या नळीला गंजून चिकटतात. स्ट्रट काढायला दोन तास, बोल्ट कापायला दोन दिवस, असं होऊ शकतं. नवीन बोल्ट आणि बुश आधीच मागवून ठेवा, नाहीतर गाडी जॅकवर आणि तुम्ही कुरिअरच्या वाटेकडे डोळे लावून.

---

कॉइल_झिंदाबाद

एवढं रामायण वाचून सांगतो, कॉइल टाका. माझ्या मित्राने टाकली, तीन वर्षं बोनेट उघडलं नाही. ना कॉम्प्रेसर, ना व्हॉल्व्ह ब्लॉक, ना फुगा.

---

धुळे_एमएच१८

कॉइलने गाडी चालते, वाद नाही. पण ऑफ-रोडला गाडी साडेपाच सेंटीमीटर वर जाते ते गेलं. ओबडधोबड जागी डाव्या-उजव्या फुग्यांची हवा एकमेकांत सोडून चाकं जमिनीला धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तोही गेला. वर फॉल्टचे दिवे दाबायला वेगळा डबा बसवायचा. आणि रावेरकरांच्या आईंचं काय?

---

केळीवाला_रावेर

फ्यूज काढून दोन रात्री ठेवली. भुसावळवाले दादा, तुम्ही जिंकलात. पुढचा डावा अकरा मिलिमीटर खाली, पुढचा उजवा चार. मागचे दोन जागच्या जागी. साबणाचं पाणी मारलं तर डाव्याच्या घडीत बारीक बुडबुडे, मुंगीच्या रांगेसारखे. टायर पण तोच खाल्लेला. बुश पहारीने हलवले, पुढचे दोन्ही लोळतात.

म्हणजे पुढचे दोन अख्खे स्ट्रट आणि बुश. मागच्याचं सध्या राहू द्यावं म्हणतो. चालेल ना? आणि मिस्त्री गावातलाच आहे, ट्रॅक्टर-जीप करणारा. हात चांगला आहे, पण फुगेवाली गाडी त्याने पाहिली नाही. त्याला काय सांगू?

---

फुगेवाला_भुसावळ

जोडीने बदलताय, बरोबर. एका बाजूचा कधीच नाही. मागचे थांबू द्या, घडी धुवत राहा.

मिस्त्रीला एवढं सांगा. नळी सोडायच्या आधी हवा स्कॅनर मशीन लावून उतरवायची, स्पॅनरने फुस्स करायचं नाही. दाबात असलेली नळी डोळ्यावर येते. नळीचं टोक ब्लेडने सरळ कापायचं, तिरकं कापलं तर कपलिंगमधून आयुष्यभर गळेल. नवीन स्ट्रट बसला की रिकाम्या फुग्यावर गाडीचं वजन टाकायचं नाही. जॅकवर असतानाच थोडी हवा भरायची, घडी गोल बसलेली डोळ्याने बघायची, मग जॅक सोडायचा. माझ्याकडे जे नवे फुगे आठ दिवसात परत येतात त्यातले निम्मे याच चुकीचे.

आर्मचे बोल्ट हातानेच लावून ठेवायचे. शेवटचा आवळ गाडी नेहमीच्या उंचीला उभी असताना. लटकत्या चाकावर आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवे बुश वर्षात फाटतात. हे ट्रॅक्टरवाल्याला हटकून सांगा, त्याची सवय उलटी असते.

आणि शेवटी उंचीचं कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन लावून गाडीला खरी उंची परत शिकवायची. सेन्सरचा दांडा हलला की गाडीला स्वतःची उंची चुकीची कळते.

---

केळीवाला_रावेर (पाच आठवड्यांनी)

काम झालं. लिहायला उशीर झाला, मधे कटाई होती.

धुळेकर म्हणाले तसंच झालं. उजवीकडचा मागचा बोल्ट रॉकेल, हातोडा, गॅस कशालाच दाद देईना. मिस्त्रीने दुपारी चारला ग्राइंडर लावला, नट हलला दुसऱ्या दिवशी अकराला. नवीन बोल्ट हाताशी होते म्हणून निभावलं. जुना डावा शॉकअप बाकावर उभा करून दाबला तर दांडा विहिरीत दगड टाकल्यासारखा खाली गेला आणि तिथेच राहिला. नवा दोन्ही हातांनी दाबावा लागतो आणि हळूहळू आपोआप वर येतो. हे मिस्त्रीने स्वतः चार वेळा करून बघितलं. नंतर शेजारच्या पोरांना बोलावून दाखवलं.

हवा भरताना तो जॅक सोडायला निघालाच होता. मी मोबाइलवर भुसावळकरांचा मेसेज त्याच्या नाकासमोर धरला.

कॅलिब्रेशनला मशीनवाला जळगावहून आला, अलाइनमेंट पण जळगावला जाऊन केलं. खाल्लेला टायर मागे टाकलाय, तो थोडा गुणगुणतो. पण सावदा-फैजपूर नव्वदने आलो. एक गचका, एकदा खाली, एकदा वर, बास. पुतण्याने पालपर्यंत पिशवी मागितली नाही, उलट भेळ मागितली.

आईला मनुदेवीला नेलं होतं. ॲक्सेसला घेतली, ती चढली, आणि दार लावून म्हणाली, "आज गाडी लवकर बसली का रे?" कॉम्प्रेसर, सेन्सर काही बदललेलं नाही. गळती बंद झाली म्हणून कॉम्प्रेसरला कमी राबावं लागत असेल, पण खाली बसायला फरक का पडावा? भुसावळवाले दादा, हे कसं काय?

---

फुगेवाला_भुसावळ

खाली बसताना कॉम्प्रेसरचा संबंध नसतो, हवा नुसती बाहेर सोडायची असते. फरक कशाने पडला ते मला नक्की सांगता येणार नाही.

कदाचित आईंना मनुदेवीला जायची घाई असेल.