मदत हवी आहे: निमलष्करी दलांवर हुकूम कोणाचा चालतो, हे मुलांना कसं समजावू?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावी मी एक अभ्यासिका चालवते. पोलीस भरती, एसएससी जीडी (केंद्रीय सशस्त्र दलांतल्या जवानांची भरती परीक्षा), अग्निवीर यांची तयारी करणारी मुलंमुली तिथे असतात. पहाटे मैदानावर धावणं, गोळाफेक, मग अंघोळ उरकून दिवसभर पुस्तकात डोकं. त्यातली एक मुलगी जीडीतून सशस्त्र सीमा बलात निवडली गेली. तिचे वडील पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, पोरगी फौजेत गेली म्हणायचं की पोलिसात?" गृह मंत्रालयाच्या हाताखालचं दल आहे, नेपाळ आणि भूतानच्या सीमेवर असतं, एवढं मी सांगितलं. त्यांचं समाधान झालं, पण माझं झालं नाही. मुलांना या दलांची स्थापनावर्षं आणि ब्रीदवाक्यं तोंडपाठ असतात. आपण ज्या नोकरीसाठी जीव तोडून धावतोय, तिथे आपल्याला हुकूम कोण देणार हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून यावर एक सत्र घ्यायचं ठरवलंय, त्यासाठी तुमची मदत हवी आहे.

माझी मांडणी अशी आहे. कुठलंही दल समोर आलं की तीन गोष्टी विचारायच्या. पगार कोणत्या मंत्रालयातून येतो? रोजचा हुकूम कोणाचा? आणि युद्ध लागलं तर तो हुकूम कोणाकडे जातो? भारतापुरतं हे छान बसतं. सीआरपीएफ (केंद्रीय राखीव पोलीस), बीएसएफ (सीमा सुरक्षा दल), आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस), एसएसबी (वर सांगितलेलं सशस्त्र सीमा बल), सीआयएसएफ (औद्योगिक सुरक्षा दल) ही गृह मंत्रालयाची. तटरक्षक दल समुद्रावर तस्कर पकडतं, म्हणजे काम बरंचसं पोलिसाचं, पण ते संरक्षण मंत्रालयाकडे. आसाम रायफल्सचं तर दोन्हीकडे: प्रशासन गृह मंत्रालयाचं, मोहिमेचा हुकूम लष्कराचा, अधिकारी बहुतेक लष्करातूनच आलेले. १८३५ साली कछारमध्ये उभ्या राहिलेल्या तुकडीपासून हे दल चालत आलंय.

परदेशात गेलं की गुंता वाढतो. इटलीचे काराबिनिएरी घ्या. १८१४ साली तुरीनमध्ये स्थापना, २००० सालापासून भूदल, नौदल, हवाई दल यांच्या बरोबरीचं स्वतंत्र सशस्त्र दल. संरक्षण मंत्रालयाचं, पण कायदा-सुव्यवस्थेच्या कामात गृह मंत्रालयाचं ऐकतं. त्यांचाच माणूस रस्त्यावर गाडी अडवून कागद बघतो, त्यांचीच एक शाखा १९६९ पासून चोरीला गेलेली चित्रं आणि मूर्ती शोधते, आणि त्यांचेच १२ जण २००३ च्या नोव्हेंबरात इराकमधल्या नासिरियात तळावरच्या बॉम्बहल्ल्यात गेले. एकाच गणवेशात इतकी कामं! मुलांना हे ऐकायला नक्की आवडेल.

पण मग स्पेन आठवतो. तिथलं सिव्हिल गार्ड १८४४ चं, तेही दोन मंत्रालयांत वाटलेलं. २३ फेब्रुवारी १९८१ ला याच दलाचा लेफ्टनंट कर्नल तेहेरो सुमारे दोनशे जवान घेऊन, पिस्तूल हातात धरून भर संसदेत शिरला आणि खासदारांना ओलीस धरलं. राजा हुआन कार्लोस यांनी रात्री टीव्हीवरून बंडाला विरोध जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी ते फसलं.

तर मला अडलेली गोष्ट ही: एका दलाला दोन धनी असणं हा धोका आहे की लोकशाहीची सोय? कोणी अशा दलात नोकरी केली असेल, युरोपात राहत असेल किंवा कायद्याचा अभ्यास असेल, तर कृपया लिहा. मुलांसमोर चुकीचं काही बोलायचं नाहीये.

सीमेवरचा

ताई, विषय फार चांगला घेतलात. मी बीएसएफमधून निवृत्त. वडिलांना सांगा, पोरगी पोलिसातही नाही आणि फौजेतही नाही. ती संघराज्याच्या सशस्त्र दलात गेली, आणि कॉलर ताठ करून सांगावं असंच हे काम आहे.

१९६५ पर्यंत पाकिस्तानच्या सीमेवर राज्यांचे सशस्त्र पोलीस असत. ९ एप्रिल १९६५ ला कच्छच्या रणात सरदार पोस्टवर पाकिस्तानी ब्रिगेड चालून आली, तेव्हा ती चौकी सीआरपीएफच्या जवानांनी लढवली. सीआरपीएफ तो दिवस अजून शौर्य दिन म्हणून पाळतं. त्यातून लक्षात आलं की ज्याच्या त्याच्या राज्याच्या पोलिसांवर सीमा सोडून चालणार नाही. १ डिसेंबर १९६५ ला बीएसएफ उभं राहिलं. पहिले प्रमुख रुस्तमजी, नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले. हे मुलांना आवर्जून सांगा.

शांततेतलं काम कसं असतं ते सांगतो, कारण पुस्तकात ते सापडत नाही. पंजाबात तारबंदी प्रत्यक्ष सीमारेषेच्या आत आहे, त्यामुळे कितीतरी शेतकऱ्यांची जमीन तारेपलीकडे जाते. सकाळी ठरल्या वेळी गेट उघडायचं, शेतकऱ्याचं ओळखपत्र जमा करून घ्यायचं, ट्रॅक्टर तपासायचा, आणि संध्याकाळी मोजून तितकीच माणसं परत घ्यायची. एक माणूस कमी भरला तर जिवाला घोर लागतो. तस्कर पकडला तर खटला आम्ही चालवत नाही. माल आणि माणूस पोलिसांकडे किंवा कस्टमकडे सोपवतो. ही मर्यादा मुलांना नीट समजावा. युद्ध लागलं की मात्र आमच्या बटालियन लष्कराच्या हुकमाखाली जातात. नियंत्रण रेषेवर तर शांततेतही तसंच असतं.

समोर पाकिस्तान रेंजर्स. तेही कागदावर त्यांच्या गृह मंत्रालयाचे, पण अधिकारी लष्करातून आलेले. आमच्याकडे दलाचे स्वतःचे अधिकारी असतात आणि वरच्या जागांवर आयपीएस. वाघा सीमेवरच्या संचलनात दोन्ही बाजूंचे बूट सारखेच आपटतात, पण त्या बुटांमागचा हुकूम वेगळ्या घरातून येतो.

एसएसबीबद्दल एक. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये, सीमेवरच्या गावकऱ्यांना प्रतिकारासाठी तयार करायला ते सुरू झालं. कारगिलनंतर 'एक सीमा, एक दल' असं ठरलं आणि २००१ ला ते गृह मंत्रालयात येऊन नेपाळ सीमेवर गेलं. भूतानची सीमा २००४ ला आली. तिथली सीमा खुली. कुंपण नाही, व्हिसा नाही, पलीकडे सोयरिकी. त्या मुलीला बंदुकीइतकंच माणसं ओळखणं शिकावं लागेल.

तुलूझकर

फ्रान्सबद्दल लिहितो. इथे शहरात पोलीस आणि खेड्यात जांदार्मरी (सैनिकी दर्जाचं पोलीस दल), अशी ढोबळ वाटणी आहे. देशाचा सुमारे ९५ टक्के भूभाग जांदार्मरीकडे येतो, लोकसंख्या मात्र निम्मीच. आम्ही तुलूझच्या बाहेर एका छोट्या गावात राहतो. घरफोडी झाली तर तक्रार द्यायला जांदार्मरीच्या ठाण्यात जायचं. ठाण्याला लागूनच त्यांची राहती घरं. दोरीवर कपडे वाळताहेत, पोरांच्या सायकली पडल्या आहेत. माणूस दर्जाने सैनिक, पण त्याची मुलं तुमच्या मुलांच्या शाळेत.

२००९ पर्यंत हे दल संरक्षण मंत्रालयाकडे होतं. त्या वर्षीच्या कायद्याने ते गृह मंत्रालयाखाली आलं, सैनिकी दर्जा तसाच राहिला. त्यामुळे पोलिसांसारखी कामगार संघटना त्यांना काढता येत नाही, आणि संपावर जाता येत नाही. तुमच्या 'दोन धनी' प्रश्नाचं फ्रान्सपुरतं उत्तर मला यातच दिसतं. कामाचा धनी एकच, गृहमंत्री. शिस्तीचे नियम सैन्याचे.

एक नाव मुलांना सांगाच: लेफ्टनंट कर्नल आर्नो बेल्त्राम. मार्च २०१८ मध्ये त्रेबच्या सुपरमार्केटमध्ये ओलीस धरलेल्या बाईच्या जागी तो स्वतः आत गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. बाई वाचली.

कलमकसाई

कायद्याची बाजू. आपल्या घटनेत सातव्या अनुसूचीप्रमाणे पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे राज्यांचे विषय. मग सीआरपीएफ गडचिरोलीत कशी? १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने केंद्राच्या सूचीत '२ अ' ही नोंद घातली: मुलकी प्रशासनाच्या मदतीसाठी संघराज्याची सशस्त्र दलं तैनात करणं. 'मदतीसाठी' हे इथे महत्त्वाचं. निवडणुकीच्या बंदोबस्ताला केंद्राच्या कंपन्या येतात तेव्हाही जिल्हा प्रशासन आणि पोलीस जागेवरच असतात.

'दोन धनी' हा प्रश्न पेन्शनमध्ये फार टोचतो. १ जानेवारी २००४ पासून केंद्रात नवी पेन्शन योजना आली, त्यातून तिन्ही सैन्यदलं वगळली, ही दलं वगळली नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही संघराज्याची सशस्त्र दलंच आहेत, त्यांना जुनी पेन्शन द्या, असा निकाल दिला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. मुलांना हे भरतीआधी माहीत असायला हवं, असं माझं ठाम मत आहे. गोळी दोघांना सारखीच लागते.

जर्मनीचं उदाहरणही घ्या. १९५१ ला उभं केलेलं त्यांचं सीमा रक्षक दल हळूहळू निखळ पोलीस बनवलं गेलं आणि २००५ ला त्याचं नावच संघीय पोलीस झालं. निमलष्करी दलाचं पोलीस करता येतं, याचा तो पुरावा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. गेटवर ओळखपत्र जमा करण्याचा प्रसंग मी जसाच्या तसा सांगणार आहे, काका. पेन्शनचंही सांगेन, लपवणार नाही.

एक शंका उरली. इथे आलेल्या सगळ्या देशांत शेवटी कुठला ना कुठला मंत्री संसदेला उत्तर देतो. जिथे दल थेट एका माणसाला बांधलेलं असतं तिथे काय होतं? ते दोन तासांच्या सत्रात घ्यावं का?

वाळवंटवारा

घ्याच, नाहीतर निम्मा विषय राहील.

इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर रिव्होल्यूशनरी गार्ड्स उभे केले. नेहमीचं सैन्य पदच्युत राजाच्या, म्हणजे शाहच्या काळातलं, त्यावर नव्या राज्यकर्त्यांचा भरवसा नव्हता. आज त्यांचं स्वतःचं भूदल आहे, नौदल आहे, क्षेपणास्त्रं आहेत, रस्त्यावरच्या निदर्शनांवर सोडायला बसीज ही स्वयंसेवकांची फौज आहे, आणि हुकूम सर्वोच्च नेत्याचा. रशियात २०१६ मध्ये गृह मंत्रालयातलं अंतर्गत सैन्य काढून रोसग्वार्दिया केलं, ते थेट राष्ट्राध्यक्षांकडे. चीनमध्ये १ जानेवारी २०१८ पासून सशस्त्र पोलीस दलावर फक्त केंद्रीय लष्करी आयोगाचा हुकूम चालतो. प्रांतांना पूर्वीसारखं ते परस्पर वापरता येत नाही.

पण सर्वांत जास्त वेळ सुदानला द्या. तिथल्या पश्चिमेकडच्या दारफूर भागात गावं जाळणाऱ्या जंजावीद टोळ्यांतून २०१३ मध्ये रॅपिड सपोर्ट फोर्सेस बनवलं. राष्ट्राध्यक्ष बशीर यांना आपल्याच सैन्याची भीती, म्हणून सैन्याला तोलायला दुसरं सैन्य. २०१९ मध्ये बशीर यांना पदच्युत करण्यात सैन्य आणि हे दल दोघंही होते. मग दोघांत वाद पेटला तो याच मुद्द्यावर, की हे दल सैन्यात केव्हा आणि कोणाच्या हुकमाखाली विलीन करायचं. १५ एप्रिल २०२३ ला खार्टूममध्ये गोळीबार सुरू झाला आणि लाखो माणसं देशोधडीला लागली. तुमच्या 'दोन धनी' प्रश्नापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. दोन मंत्री असतील तर भांडण फायलीवर होतं, किमान त्याची नोंद राहते. इथे विचारणारंच कोणी नव्हतं.

सत्राचा शेवट चिलीने करा असं सुचवेन. तिथलं राष्ट्रीय पोलीस दल, काराबिनेरोस, १९२७ चं. १९७३ च्या लष्करी उठावात त्यांचा प्रमुख बनलेला जनरल मेंदोसा स्वतः हुंतात, म्हणजे सत्ता हाती घेतलेल्या लष्करी मंडळात बसला आणि पुढे दल संरक्षण मंत्रालयाकडे गेलं. लोकशाही १९९० ला परतली, पण दल गृह मंत्रालयाखाली यायला २०११ उजाडलं. मध्ये इतकी वर्षं का गेली, हा प्रश्न मुलांनाच घालून बघा.