जुन्या कोब्यावर इपॉक्सी कोटिंग करून घेण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न (भोसरीतील गाळेधारक)

भोसरी एमआयडीसीत तळमजल्यावर माझा १२०० चौरस फुटांचा गाळा असून तेथे दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन चालते. कोबा जुना आहे, त्यातून सतत धूळ सुटते आणि मशीनच्या पुढ्यात वर्षानुवर्षे सांडलेल्या कटिंग ऑइलचे काळे डाग पडले आहेत. इपॉक्सी कोटिंगसाठी, म्हणजे दोन घटक मिसळून लावल्यावर कडक होणाऱ्या राळेच्या थरासाठी, मी दोन कोटेशने घेतली. एकात ‘प्राइमर आणि दोन कोट’ असे लिहिले आहे, तर दुसऱ्यात ‘२ मिलिमीटर सेल्फ लेव्हलिंग’ (ओतल्यावर आपोआप सपाट होणारा थर) असे असून त्याचा दर पहिल्याच्या कितीतरी पट आहे. पहिल्या कंत्राटदाराच्या मते दिसायला दोन्ही सारखेच असतात. मे महिना सुरू झाला असल्याने पावसाआधी काम उरकावे अशी इच्छा आहे, मात्र मशीन चार दिवसांहून अधिक बंद ठेवणे परवडणारे नाही. निर्णय घेण्यापूर्वी काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (फरशीच्या कामांवर देखरेख करणारा)

चाकण आणि रांजणगाव भागांतील कारखान्यांच्या फरशीची कामे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दोन्ही कोटेशनांची तुलना चौरस फुटाच्या दरावर करू नका, थराच्या जाडीवर करा. आपला गाळा सुमारे १११ चौरस मीटर भरतो. १ लिटर माल १० चौरस मीटरवर पसरला की ओला थर १०० मायक्रॉनचा होतो (१००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर). मालात उडून जाणारे काही नसेल तर तो वाळल्यावरही तेवढाच राहतो, आणि निम्मे पाणी किंवा सॉल्व्हंट असेल तर हाती ५० मायक्रॉनच लागतात. या हिशेबाने ३०० मायक्रॉनच्या कोटिंगला सुमारे ३३ लिटर, तर २ मिलिमीटरच्या थराला सुमारे २२३ लिटर माल लागतो, आणि दरातील तफावत बहुतांशी येथूनच येते. ‘दोन कोट’ या शब्दांतून काहीच कळत नाही; वाळलेल्या थराची जाडी किती, आणि मालात घनभाग (वाळल्यावर उरणारा भाग) किती टक्के, या दोन गोष्टी कंत्राटदाराकडून लेखी घ्या. आपल्याकडे धातूचा धारदार कीस पडतो आणि जड जॉब खाली ठेवले जातात, त्यामुळे मशीनभोवती जाड थर आणि साठवणीच्या भागात पातळ कोटिंग अशी विभागणी मला योग्य वाटते.

मात्र माझा खरा आग्रह मालाविषयी नसून कोब्याविषयी आहे. निघून आलेल्या कोटिंगचा पापुद्रा उलटून पाहिला, तर त्याच्या पाठीला बहुधा सिमेंटची भुकटी चिकटलेली असते. याचा अर्थ इपॉक्सीने पकड सोडलेली नसते; त्याखालची कोब्याची कमकुवत साय सुटलेली असते. ही साय हिऱ्याच्या चकत्यांच्या ग्राइंडरने किंवा शॉट ब्लास्टिंगने (पोलादी छर्‍यांच्या माऱ्याने) काढून कोबा बारीक सॅंडपेपरसारखा खरखरीत करावा लागतो. नुसत्या ॲसिड धुलाईवर भागवणाऱ्या कंत्राटदाराला मी काम देणार नाही, कारण ॲसिडचा तेलावर काही परिणाम होत नाही आणि धुण्याचे पाणी कोब्यात मुरते ते वेगळेच.

तेलाचे डाग आधी डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) धुऊन, मग घासून, त्यावर पाणी शिंपडून पाहा. पाणी शोषले गेले तर ठीक. थेंब मण्यांसारखे उभे राहिले तर तेल अजून आत आहे असे समजा. दोन-तीनदा करूनही थेंब उभेच राहिले, तर तेवढा भाग छिन्नीने काढून इपॉक्सी मॉर्टरने (वाळू मिसळलेल्या इपॉक्सीने) भरून घ्यावा लागेल. त्यात काटकसर करू नये.

ओलाव्यासाठी ४५ सेंटिमीटर चौरस जाड प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने हवाबंद लावा आणि किमान १६ तास तसाच ठेवा. खालून थेंब आले किंवा कोबा काळवंडला तर काम थांबवा. पुण्यात मे महिन्यात जमीन वर्षातील सर्वात कोरडी असते, त्यामुळे आज कोरडी निघालेली जागा ऑगस्टमध्ये तशीच राहील याची खात्री नसते. म्हणून भिंतींच्या पायथ्याशी लोणा धरला आहे का, हेही निरखून पाहा, आणि कोबा घालताना खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरला होता का, हे जुन्या मालकाला विचारा. कोबा नवा असता तर त्याला किमान २८ दिवस द्यावे लागले असते.

लावण्याची वेळही महत्त्वाची आहे. सकाळी कोबा तापत जातो तशी त्याच्या छिद्रांतील हवा प्रसरण पावून वर येते आणि ओल्या थरात बारीक फोड उठतात. दुपार कलल्यावर, कोबा निवू लागला की काम सुरू केल्यास हा त्रास बराच कमी होतो. पावसाळ्यात उलट अडचण येते. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली, किंवा कोब्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी अधिक नसले, तर लावलेल्या थरावर चिकट, पांढुरका तवंग येतो. तो साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, घासून काढल्याशिवाय पुढचा कोट धरत नाही.

मिसळताना रेझिन (मूळ राळ) आणि हार्डनर (तिला कडक करणारा घटक) अंदाजाने घेऊ नयेत. डब्यांचा संच पूर्ण वापरावा. हार्डनर जास्त टाकल्याने थर लवकर वाळतो हा समज चुकीचा आहे, त्याने तो कायमचा चिकट राहू शकतो. संथ ड्रिलवर दोन-तीन मिनिटे घोटून मिश्रण दुसऱ्या बादलीत ओतून पुन्हा घोटावे, कारण पहिल्या बादलीच्या कडांना आणि तळाला न मिसळलेला माल राहतो. नंतर ते बादलीत ठेवू नये, लगेच जमिनीवर ओळीत ओतावे. बादलीत साठलेले मिश्रण स्वतःच्या उष्णतेने तापत जाते आणि मे महिन्याच्या उकाड्यात पाहता पाहता गोठते.

चार दिवसांत हे सर्व बसणार नाही. चालण्यासाठी साधारण २४ तास पुरतात, पण तेल आणि रसायने सोसण्याइतका थर पक्का व्हायला सुमारे ७ दिवस लागतात. गाळ्यात जुना सांधा असेल तर त्या रेषेवर दोन भाग करून एकेक भाग घ्यावा. हालचाल होणारे सांधे कोटिंगखाली झाकून टाकू नयेत, वरही तशीच खाच ठेवून लवचीक सीलंट भरावे.

उत्तर (कोथरूडमधील सोसायटीचा माजी सचिव)

आमच्या पार्किंगमध्ये तीन वर्षांपूर्वी असेच ‘प्राइमर आणि दोन कोट’ करून घेतले होते. कोटेशनमध्ये जाडी लिहिलेली नव्हती आणि आम्हीही ती विचारली नाही, याचे आजही वाईट वाटते. पहिल्याच उन्हाळ्यात गाड्या उभ्या राहण्याच्या जागी टायरला चिकटून तळहाताएवढे तुकडे निघाले. पावसाळ्यात उताराकडच्या कोपऱ्यात फोड आले. त्यांपैकी एक टाचणीने फोडला, तेव्हा आतून पाणी बाहेर आले. प्रवेशद्वारापाशी, जेथे ऊन थेट पडते, तेथे राखाडी रंग पिवळट होऊन भुकटी सुटू लागली. इपॉक्सी उन्हात टिकत नाही आणि त्यावर ॲलिफॅटिक पॉलियुरेथेनचा (ऊन सोसणाऱ्या रंगाचा) कोट द्यावा लागतो, हे आम्हाला त्यानंतर समजले. आपल्या शटरजवळच्या पट्ट्यात ऊन येत असेल तर हे ध्यानात ठेवावे.

उत्तर (त्वचारोग विभागात काम केलेली परिचारिका)

फरशीविषयी मला काही सांगता येणार नाही, परंतु हातांविषयी नक्की सांगते. इपॉक्सीच्या कच्च्या रेझिनने आणि हार्डनरने त्वचेची ॲलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. पुढे थोडासा संपर्क आला तरी हाता-तोंडावर पुरळ आणि सूज येते. काम करणाऱ्या मुलांना नायट्राइलचे हातमोजे आणि चष्मा द्या, पातळ लॅटेक्सच्या मोज्यांवर विसंबू नका. अंगावर माल सांडला तर तो थिनरने पुसू देऊ नका, कारण थिनर त्याला त्वचेत आणखी खोल नेते. आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यावा, मग साबण आणि पाणी. घासताना उडणाऱ्या सिमेंटच्या धुळीत सिलिका असते, त्यासाठी साधा रुमाल पुरेसा नाही.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. शनिवारी संध्याकाळी पाच ठिकाणी प्लॅस्टिक लावले आणि सोमवारी सकाळी काढले. चार ठिकाणी कोबा कोरडा होता. मागच्या भिंतीलगतच्या पाचव्या तुकड्याखाली मात्र थेंब जमले होते, आणि बोट फिरवले तर ओल लागत होती. त्या भिंतीपलीकडे शेजारच्या गाळ्याची मोरी आहे. शेजाऱ्यांना बोलावून दाखवले, तेव्हा त्यांनी मोरीचा पाइप या आठवड्यात उकरून पाहण्याचे मान्य केले आहे. दोन्ही कंत्राटदारांना जाडी आणि घनभाग लेखी मागितला असून दुसऱ्याने डेटा शीटसह कळवला आहे. पाइप दुरुस्त होऊन तो तुकडा पुन्हा कोरडा निघेपर्यंत मागची पट्टी तशीच ठेवतो आणि मशीनचा भाग सांध्यापर्यंत आधी करून घेतो.