क्रिप्टोत पैसे घेतले तर समोरच्याला माझी बाकीची कमाई दिसते का?

रेषा_आणि_रंग

मी पुस्तकांसाठी आणि व्हिडिओ गेमसाठी चित्रं काढते. काही ग्राहक बिटकॉइनमध्ये पैसे देतात, काही यूएसडीटी या डॉलरशी बांधलेल्या नाण्यात. दोन्हींसाठी माझा पैसे घ्यायचा एकेकच पत्ता आहे, म्हणजे अक्षर-आकड्यांची लांब ओळ. तोच प्रत्येक बिलावर असतो आणि माझ्या वेबसाइटवरही खाली दिलेला आहे. परवा एका नव्या ग्राहकाशी दर ठरवत होते, तर त्याने लिहिलं की तुम्हाला मार्चमध्ये एका कामाचे अमुक इतके मिळालेत, मग आमच्याकडे एवढा आग्रह कशाला? आकडा अगदी बरोबर होता आणि तो मी कुणालाही सांगितलेला नव्हता. वॉलेट तपासलं, पासवर्ड बदलले, पण कुणी आत शिरल्याची काही खूण नाही.

क्रिप्टो निनावी असतं हे जिथे तिथे वाचायला मिळतं. मग चोरीचे बिटकॉइन वर्षांनंतर शोधून काढल्याच्या बातम्याही येतात. दोन्ही खरं कसं? मी कर भरते, सरकारपासून काही लपवायचं नाही. एका ग्राहकाचे पैसे दुसऱ्या ग्राहकाला दिसू नयेत एवढंच हवंय. आणि आजवर जे दिसलंय ते पुसता येतं का?

शून्यपुरावा

बिटकॉइन सोडा, मोनेरो हे दुसरं नाणं घ्या. पाठवणारा, घेणारा, रक्कम, तिन्ही झाकलेलं असतं. विषय संपला.

उघडी_वही

ताई, तुमच्या वॉलेटमध्ये कुणी शिरलेलं नाही. त्या माणसाने तुमचा पत्ता उचलला, एखाद्या ब्लॉक एक्सप्लोररच्या, म्हणजे व्यवहार दाखवणाऱ्या वेबसाइटच्या, शोधपट्टीत टाकला आणि मार्चपर्यंत खाली गेला. त्याला ना लॉगिन लागलं, ना कुणाची परवानगी. ज्यांचे क्रिप्टो चोरीला गेलेत किंवा फसवणुकीत गेलेत अशा लोकांसाठी ते पैसे पुढे कुठे गेले हे शोधण्याचं काम मी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ चा. तेव्हापासून साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेन या सगळ्यांना खुल्या वहीत, झालेला प्रत्येक व्यवहार, रक्कम आणि वेळेसकट, आजही जगातल्या कुणालाही वाचता येतो. नाव तेवढं लिहिलेलं नसतं. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरतो की पत्त्याला नाव कुठे चिकटतं. बहुतेकदा ते एक्स्चेंजवर, म्हणजे क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीच्या ठिकाणी, चिकटतं, कारण तिथे सहसा ओळखपत्र दिल्याशिवाय खातं उघडत नाही. कधी बिलावर, कधी देणगीच्या पानावर. तुमच्या बाबतीत ते वेबसाइटवरच आहे.

एकदा एका पत्त्याला नाव लागलं की ते शेजारच्या पत्त्यांपर्यंत पसरतं. समजा दोन ग्राहकांनी दोन वेगळ्या पत्त्यांवर ०.०३ आणि ०.०४ बिटकॉइन पाठवले आणि तुम्हाला कुणाला तरी ०.०६ द्यायचेत. वॉलेट दोन्ही तुकडे एका व्यवहारात घालतं. दोन्हींची किल्ली, म्हणजे पैसे हलवायचा गुप्त कोड, एकाकडेच असणार, म्हणून दोन्ही पत्ते एकाच मालकाचे धरले जातात. शिवाय उरलेले सुटे, फी वजा जाऊन, एका नव्या पत्त्यावर तुमच्याकडेच परत येतात. तो पत्ताही ओळखता येतो. बिटकॉइनची कल्पना मांडणाऱ्या सातोशी नाकामोतोच्या २००८ च्या मूळ निबंधातच लिहिलंय की दर व्यवहाराला नवी किल्ली वापरा, आणि तरीही अनेक तुकडे एकत्र खर्च केले की मालक एकच असल्याचं उघड होणं काही प्रमाणात अटळ आहे. कल्पना काढणाऱ्यानेच हे सांगून ठेवलं होतं. निनावीपणाची जाहिरात नंतरच्या लोकांनी केली आणि त्याचा भुर्दंड तुमच्यासारख्यांना पडतो, याची मला खरंच चीड येते.

२०१३ मध्ये संशोधक सारा मिकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. त्यांनी वेगवेगळ्या एक्स्चेंज, दुकानं आणि इतर सेवांशी स्वतः ३४४ व्यवहार केले. त्यातून प्रत्येक सेवेचे काही पत्ते कळले आणि वर सांगितलेल्या दोन युक्त्यांनी त्या सेवांचे बाकीचे पत्ते आपोआप गटात येत गेले. आज चेनॅलिसिस, एलिप्टिक यांसारख्या माग काढणाऱ्या कंपन्या याच पायावर उभ्या आहेत.

सगळ्यात जास्त लोक विसरतात ती गोष्ट म्हणजे वेळ. २०१२ मध्ये सिल्क रोड या बेकायदा बाजारातून ५० हजारांहून अधिक बिटकॉइन चोरीला गेले. ती करणाऱ्या जेम्स झोंगच्या घरावर छापा पडला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये. काही बिटकॉइनच्या किल्ल्या जमिनीखालच्या तिजोरीत होत्या, काही पॉपकॉर्नच्या डब्यात लपवलेल्या छोट्या कॉम्प्युटरवर. चोरी झाली तेव्हा माग काढायची आजची साधनं नव्हती, पण नोंद होती. नंतर साधनं आली आणि जुनी नोंद नव्याने वाचली गेली. बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून २०१६ मध्ये चोरीला गेलेल्या जवळपास १ लाख २० हजार बिटकॉइनचंही तेच. २०२२ मध्ये ते पैसे फिरवल्याबद्दल इल्या लिक्टेन्स्टाइन आणि हेदर मॉर्गन यांना अटक झाली, पण किल्ल्या हाती लागल्या त्या लिक्टेन्स्टाइनच्या क्लाउडवरच्या एनक्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये.

त्या फाइलमुळे चोरीचे बिटकॉइन सापडल्याच्या बातम्यांचा अर्थ लागतो. माग लागणं एक आणि पैसे परत मिळणं दुसरं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर (इथेरियम या साखळीचं नाणं) चोरीला गेलं. काही दिवसांत एफबीआयने उत्तर कोरियाचं नाव घेतलं, पत्ते जाहीर केले, सगळं जग पाहत होतं आणि तरीही बहुतेक पैसे पुढे सरकत राहिले. माझ्याकडे येणाऱ्या माणसाला मी स्क्रीनवर त्याचे पैसे दाखवू शकतो, अगदी शेवटच्या पत्त्यापर्यंत. ते पत्ते कुणाचे हे एखादं एक्स्चेंज सांगेल तरच पुढे काही होतं. आयुष्यभराची बचत तिथे डोळ्यांसमोर दिसतेय आणि हात लावता येत नाही, हे त्या माणसाला सांगणं फार कठीण जातं.

आणखी एक, कारण हे कुणी बोलत नाही. माग काढणं हा बराचसा अंदाजाचा मामला आहे. कॉइनजॉइनमध्ये अनोळखी लोक मुद्दाम आपले तुकडे एकाच व्यवहारात घालतात. तिथे ‘सगळे तुकडे एकाच मालकाचे’ हे गृहीतक साफ कोसळतं. न तपासता ते लावलं तर भलत्याच माणसावर ठपका येतो. नकाशावर रेघ दिसते म्हणून ती पुरावा मानू नये, असं मी प्रत्येक अहवालात लिहितो.

शून्यपुरावा, मोनेरोबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. प्रत्येक खर्चात खरं नाणं १५ खोट्यांमध्ये मिसळलेलं असतं, २०१७ पासून रक्कमही झाकली जाते आणि घेणाऱ्यासाठी दर वेळी एकदाच वापरायचा पत्ता तयार होतो. पण विषय संपत नाही. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच मोनेरो व्यवहारांत खरं नाणं कुठलं हे संशोधकांनी नंतर वेगळं काढून दाखवलं. २०२० मध्ये अमेरिकेच्या करखात्याने मोनेरोचा माग काढणाऱ्या साधनांसाठी ६ लाख २५ हजार डॉलरपर्यंत रक्कम देऊ केली. आणि ताईंच्या ग्राहकांकडे मोनेरो असायला तर हवं. बायनान्स या मोठ्या एक्स्चेंजने ते फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून टाकलं.

ताई, तुमच्यापुरतं सांगायचं तर बिटकॉइनसाठी दर बिलाला नवा पत्ता द्या. एकाच सीड फ्रेजमधून, म्हणजे वॉलेटच्या गुप्त शब्दांच्या यादीतून, वॉलेट हवे तितके पत्ते काढून देतं, वेगळं काही सांभाळावं लागत नाही. खर्च करताना ‘कॉइन कंट्रोल’ (कुठला तुकडा खर्चायचा हे निवडायची सोय) असलेलं वॉलेट वापरा, म्हणजे दोन ग्राहकांचे तुकडे एका व्यवहारात जाणार नाहीत. आणि वॉलेटची एक्सटेंडेड पब्लिक की (एक्सपब) कुणालाही देऊ नका. तिच्यावरून त्या खात्याचे पुढचे-मागचे सगळे पत्ते काढता येतात.

पुसण्याबद्दल: नाही. जे लिहिलं गेलं ते राहणार.

रेषा_आणि_रंग

दादा, मनापासून आभार. मला वाटत होतं माझ्याच फोनमध्ये काहीतरी आहे, रात्री झोप लागत नव्हती. दोन गोष्टी विचारते. यूएसडीटीलाही दर ग्राहकाला नवा पत्ता केला तर चालेल ना? आणि जुन्या पत्त्यावरचे पैसे एक्स्चेंजवर नेले तर ग्राहकांना पुढचं दिसत राहील का?

उघडी_वही

यूएसडीटीत गोम आहे. यूएसडीटी इथेरियम किंवा ट्रॉन या वेगळ्या साखळ्यांवर चालतं. तिथे सुटे परत येत नाहीत, सगळं एका पत्त्यावर साचत जातं, त्यामुळे शिल्लक एका नजरेत दिसते. नवा पत्ता काढता येतो, पण तिथून यूएसडीटी हलवायला फी लागते आणि ती इथरमध्ये किंवा ट्रॉनच्या नाण्यात द्यावी लागते. ते नाणं जुन्या पत्त्यावरून पाठवलंत की दोन्ही पत्ते तिथल्या तिथे जोडले गेले. बहुतेक लोक इथेच सापडतात. फीचे पैसे थेट एक्स्चेंजवरून त्या त्या पत्त्यावर मागवा. यूएसडीटी काढणारी कंपनी कुठलाही पत्ता गोठवू शकते आणि गोठवतेही, हेही माहीत असू द्या.

एक्स्चेंजवर नेले तर ग्राहकाला पैसे तिथपर्यंत गेलेले दिसतील. पुढे एक्स्चेंज सगळ्यांचे पैसे एकत्र ठेवतं, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याचा माग सहसा तिथे थांबतो. एक्स्चेंजला मात्र तुमचं नाव, रक्कम, वेळ सगळं माहीत असतं आणि तपास यंत्रणेने कायदेशीर मार्गाने मागितलं तर ते द्यावं लागतं. तुम्हाला ग्राहकापासून आडोसा हवाय, सरकारपासून नाही, म्हणून हा मार्ग तुम्हाला पुरेसा आहे.

नोडवाला

एक भर घालतो. साखळीवर आयपी ॲड्रेस लिहिलेला नसतो, पण तुमचं वॉलेट शिल्लक विचारायला कुणाच्या तरी सर्व्हरकडे जातंच. त्या सर्व्हरला तुमचे सगळे पत्ते एकत्र आणि तेही तुमच्या आयपीसकट दिसतात. म्हणजे दर बिलाला नवा पत्ता काढूनही एका कंपनीकडे पूर्ण यादी तयार असू शकते. स्वतःचा नोड, म्हणजे पूर्ण साखळीची प्रत ठेवणारा कॉम्प्युटर, चालवला तर हे टळतं. जुना लॅपटॉप आणि मोठी डिस्क पुरते, पहिल्यांदा सगळी साखळी उतरवून घ्यायला वेळ लागतो.

लहान रकमांसाठी लाइटनिंगही बघा. हे बिटकॉइनवरचं वेगळं जाळं, त्यात दोघांमध्ये ‘चॅनल’ उघडून पैसे फिरतात. मधले व्यवहार साखळीवर येत नाहीत. चॅनल उघडल्याची आणि बंद केल्याची नोंद मात्र येते आणि साध्या इनव्हॉइसमध्ये घेणाऱ्याच्या नोडची ओळख असते. पाठवणारा जितका झाकला जातो तितका घेणारा झाकला जात नाही, आणि तुम्ही घेणाऱ्या आहात.

पत्त्यावर अचानक अगदी किरकोळ बिटकॉइन आले तर ते खर्च करू नका. तो तुकडा तुमच्या इतर तुकड्यांबरोबर गेला की पाठवणाऱ्याला तुमचे पत्ते जोडून मिळतात. कॉइन कंट्रोलमध्ये तो तसाच गोठवून ठेवता येतो.

रेषा_आणि_रंग

वेबसाइटवरून दोन्ही पत्ते काढले. बिलाचा नमुनाही बदलतेय, आता प्रत्येक बिलावर नवा पत्ता येईल.

उघडी_वही

चांगलं केलंत. फक्त एवढं लक्षात ठेवा, वेबॅक मशीनसारख्या संग्रहांत तुमचं जुनं पान असू शकतं आणि जुनी बिलं तर ग्राहकांच्या मेलमध्ये आहेतच. तेव्हा जुन्या दोन्ही पत्त्यांवर कायमचं तुमचं नाव आहे असं धरून चाला. तिथली शिल्लक एकदाच एक्स्चेंजवर न्या, त्यातला एकही तुकडा नव्या पत्त्यांवरच्या पैशांबरोबर एका व्यवहारात घालू नका, आणि एखादा जुना ग्राहक सवयीने तिथेच पैसे पाठवेल, तर तेही वेगळेच ठेवा.