घरशाळा: पालकांचा हक्क कुठवर?

प्रश्न: मूल आमचं, शाळेत न घालता घरीच शिकवणार आम्ही. मग सरकारी तपासणी कशाला?

उत्तर १: १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं कलम २६ पूर्ण वाचा. तिसरं उपकलम शिक्षणाचा प्रकार निवडण्याचा अग्रहक्क पालकांना देतं खरं, पण पहिलंच उपकलम प्राथमिक शिक्षण सक्तीचं करतं. जर्मनीत तर घरशाळेला जवळपास बंदीच. २००६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही या बंदीला हरकत घेतली नाही.

उत्तर २: फ्रान्समध्ये पूर्वी नुसतं कळवून भागायचं, २०२२ पासून परवानगी लागते. तपासणीत पालक अडकतात ते नोंदींपायी. सुबक, उतरवून काढलेली वही काही सांगत नाही. खाडाखोडीसकट मूळ कागद ठेवा, त्याच दिवशी तारीख घाला. सप्टेंबरचा आणि मार्चचा भागाकार शेजारी ठेवला की प्रगती दिसते.

प्रश्नकर्ता: तारखा मागाहून घातल्या तर?

उत्तर २: एकाच शाईत, एकाच बैठकीत घातलेल्या लगेच ओळखू येतात!