जनरल थोरात चीफ (लष्करप्रमुख) झाले असते तर ६२ चं चीन युद्ध टळलं असतं का?

रंकाळ्याचा_वारा:
मंडळी, आमच्या ग्रुपवर परवापासून वाद पेटलाय. एक जण म्हणतोय की आपल्या वडगावच्या लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरातांना १९६१ ला मुद्दाम डावललं, नाहीतर चीनकडून मार खायची वेळच आली नसती. दुसरा म्हणतोय गाववाला म्हणून उगच डोक्यावर घेताय. नक्की काय मॅटर आहे? कोणी वाचलंय का नीट?

पेठवडगावकर:
डावललं हे खरंच आहे भावा. थोरात १९५७ पासून ईस्टर्न कमांडचे (लष्कराच्या पूर्व विभागाचे) प्रमुख होते, ऑक्टोबर १९५९ मध्ये त्यांनी नेफाच्या (आताच्या अरुणाचलच्या) बचावाचा प्लॅन लिहून पाठवला. पार सीमेला चिकटून लढायचंच नाही, तिथं फक्त चौक्या ठेवायच्या, त्यांनी शत्रूला जमेल तेवढं अडवत मागं यायचं आणि खरी लढाई बोमडिलासारख्या ठिकाणी द्यायची, जिथं आपली रसद पोचते आणि त्याची ताणली जाते. मार्च १९६० ला लखनौत ‘लाल किला’ नावाचा सरावसुद्धा घेतला. संरक्षणमंत्री मेनन यांनी प्लॅन उडवून लावला असं थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलंय. तेव्हाचे चीफ जनरल थिमय्या, त्यांना आपल्यामागं थोरातच चीफ हवे होते, पण झाले जनरल थापर.

फौजी_शिरोळ:
प्लॅन एक नंबर होता, वाद नाही. पण थापर कमिशनच्या (अधिकारी झाल्याच्या) तारखेनं थोरातांना सीनियर होते, हे आपल्याकडं कोण बोलत नाही. आणि एक सांगा, प्लॅन वर गेला तेव्हा चीफ कोण होते? खुद्द थिमय्या, थोरातांचे जिगरी दोस्त. त्यांचं मेननपुढं काही चाललं नाही, १९५९ लाच राजीनामा देऊन परत घ्यावा लागला होता, मग थोरात त्या खुर्चीत बसून काय जादू करणार होते?
अजून एक गंमत बघा. जानेवारी १९४५ ला ब्रह्मदेशात कांगॉची लढाई झाली, तिथं एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे सीओ (कमांडर) आपले भारतीय होते, थिमय्या, थोरात आणि एल. पी. सेन. मेलरोज टेकडीवर थोरातांची २/२ पंजाब पलटण अक्षरशः संगिनी घेऊन भिडली. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. त्यातले सेन १९६२ ला कुठं होते? थोरातांच्याच खुर्चीत, ईस्टर्न कमांडला! म्हणजे मर्दगडी तिथं होताच की, तरी व्हायचं ते झालंच.

पेठवडगावकर:
पण साहेब, सेननी वरून आलेलं ऐकलं आणि पोरांना सीमेवरच्या नामका चू नदीच्या खोऱ्यात ढकललं, अंगात धड गरम कपडे नाहीत, समोरची उंच जागा चिन्यांकडं. थोरातांचा स्वभाव तसा नव्हता.

फौजी_शिरोळ:
कदाचित. पण मग फार तर ते राजीनामा देऊन घरी आले असते. थापरांनी सुद्धा सप्टेंबर ६२ ला लेखी आदेश मागितला होता, सरकारनं दिला, विषय संपला. रस्ते नाहीत, पुरेशी फौज नाही, हे चीफ बदलून एका वर्षात बदलत नसतं.

ताराराणी_चौक:
तुम्ही सगळे ६२ लाच चिकटलाय राव, मला तर कोरियाचे थोरात लय भारी वाटतात. १९५३ ला युद्धकैदी सांभाळायला आपली फौज गेली होती, कमांडर हेच. मायदेशी परत जायला नकार देणारे २२ हजारांवर कैदी, त्यातल्या चिन्यांनी आपल्या एका मेजरला कंपाउंडच्या आत ओढून ओलीस धरलं. बाहेरून गोळीबार करायचा तर मेजर गेलाच समजा. थोरात बिनहत्यारी आत शिरले, खवळलेल्या गर्दीत उभे राहून बोलत राहिले आणि सिगरेट मागून घेतली म्हणे, मेजरला सोडवूनच बाहेर. त्यासाठी अशोक चक्र वर्ग दोन मिळालं, म्हणजे आत्ताचं कीर्ती चक्र. आपल्या पोरांना यातलं काय सांगितलं जातं?

रंकाळ्याचा_वारा:
हे कोरियाचं खरंच माहीत नव्हतं. फौजी साहेबांचा मुद्दा ग्रुपवर टाकतोय, आता तिकडं अजून पेटणार 😄 आत्मचरित्राचं नाव काय? मराठीत मिळतं का?

पेठवडगावकर:
‘फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट’, इंग्रजीत आहे. माझ्याकडं कॉपी आहे, पण परत देणार असशील तरच.