सर्व्हरवर आयसीएमपी बंद करावं का?

टर्मिनलवाला:
एका क्लायंटच्या ऑडिटरचं फर्मान: सगळ्या लिनक्स सर्व्हरवर आयसीएमपी (नेटवर्कवर चाचणीचे आणि चुकांचे निरोप नेणारा प्रोटोकॉल, पिंग त्यातलाच) पूर्ण बंद. माझ्या मते हा शुद्ध आचरटपणा आहे. रात्री दोनला ‘सर्व्हर दिसत नाही’ म्हणून फोन आला की मशीनच पडलंय की फक्त सर्व्हिस, हे आधी पिंगवरूनच कळतं. तेही नसेल तर चाचपडत बसा.

कुलूपबंद:
असहमत. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हरने ‘हजर’ का म्हणावं? पिंग ऑफ डेथ, स्मर्फ हे हल्ले, सगळं याच दारातून आलं. सर्व्हिस बघायची तर ४४३ वर, म्हणजे एचटीटीपीएसच्या पोर्टवर, कर्ल कमांड मारा. पिंगला उत्तर आलं म्हणजे साइट चालते असं थोडंच आहे?

टर्मिनलवाला:
अहो, ते १९९० च्या दशकातलं. आणि ४४३ उघडं ठेवून लपणार कुठे? स्कॅनर पिंग न करताही पोर्ट तपासतात.

एमटीयूग्रस्त:
भांडताय पिंगवर, फर्मान आहे पूर्ण आयसीएमपीचं. खरी गोची तिथे आहे. एमटीयू म्हणजे एका पॅकेटची कमाल साइज, बाइटमध्ये: इथरनेटचा १५००, पीपीपीओई ब्रॉडबँडचा १४९२, वायरगार्ड व्हीपीएनचा सहसा १४२०. पॅकेट पुढे मावत नसलं की वाटेतला राउटर ‘फ्रॅगमेंटेशन नीडेड’ (तुकडे करावे लागतील) असा आयसीएमपी निरोप धाडतो, टाइप ३, कोड ४. तो फायरवॉलने गिळला की सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. मग एसएसएच लॉगिन होतं, छोट्या कमांड चालतात, मोठी लॉग फाइल उघडली की स्क्रीन गोठते. कुलूपबंद, तुमचं कर्लसुद्धा जोडलं जाईल आणि नंतर लटकेल. लोक बिचारे डीएनएस तपासत बसतात! डोन्ट फ्रॅगमेंट (तुकडे करू नका) लावून १४७२ बाइटचा पिंग मारा. हेडरचे २८ धरून १५०० होतात. अडला तर आकडा उतरवत जा.

कुलूपबंद:
मान्य, पण त्यासाठी पिंग उघडा कशाला? फायरवॉलचं कनेक्शन ट्रॅकिंग असे निरोप ‘रिलेटेड’ (चालू कनेक्शनशी संबंधित) धरतं, तो नियम ठेवला की ते आत येतात. शिवाय एमएसएस क्लॅम्पिंग (कनेक्शन जुळतानाच पॅकेट लहान ठरवणं) आहेच.

एमटीयूग्रस्त:
आयसीएमपी ड्रॉपचा नियम त्याच्या वर बसवला नसेल तर! क्लॅम्पिंग फक्त टीसीपीला, यूडीपीचं काय? आणि आयपीव्ही६ वर तर नेबर डिस्कव्हरीच (शेजारची मशीन शोधणं) आयसीएमपीव्ही६ वर चालते. सरसकट बंद केलंत तर सर्व्हरला बाहेर जायचा राउटर, म्हणजे गेटवेसुद्धा सापडणार नाही.

टर्मिनलवाला:
हेच ऑडिटरला लिहून पाठवतो. पिंगला रेट लिमिट लावू, पण सुरू ठेवू.

कुलूपबंद:
एरर मेसेज येऊ द्या, आयपीव्ही६ ला हात लावू नका. पिंग मात्र मी मॉनिटरिंगच्या आयपींपुरताच उघडेन.